अँजेलिनाची आई

"आजी लायब्ररीत हेच करत होती ना? आणि तू तिला थांबवलंस." शिकागोच्या हॉल्स्टेड स्ट्रीटवरच्या हल हाउस या संग्रहालयात, एका जुन्या छायाचित्रासमोर उभी राहून माझी मुलगी मला म्हणाली. छायाचित्रात डोक्याला रुमाल बांधलेली एक वयस्क बाई टकळीवर सूत काढत होती. तिची मान किंचित खाली झुकलेली होती आणि कॅमेऱ्याकडे तिचे लक्षही नव्हते. मुलीच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी ती सकाळपासून वहीत टिपणे घेत होती आणि हे वाक्यही तिने त्याच स्वरात उच्चारले, एखादी तारीख उतरवून घ्यावी तसे. मग ती पुढच्या खोलीत निघून गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले. ती आता सोळा वर्षांची आहे, त्या वेळी सात वर्षांची होती. चित्रांच्या पुस्तकात डोके खुपसून बसलेल्या त्या मुलीने माझे हळू आवाजातले बोलणे ऐकले असेल आणि ते नऊ वर्षे जपून ठेवले असेल, असे माझ्या मनात कधी आले नव्हते.

त्या वर्षी आई वाईहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. चातुर्मासात लक्षवात करायची असे तिने मनाशी ठरवले होते, म्हणून बॅगेत मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्यांच्या बरोबरीने सरकी काढून पिंजलेला कापूसही आला होता. लक्षवातीची तिची पद्धत तिच्या सासूबाईंची. डाव्या हातात कापसाचा सैल पेळू धरायचा, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिमूटभर भस्म लावायचे आणि पेळूच्या टोकातून सूत ओढत ओढत त्याला पीळ द्यायचा. हातभर सूत झाले की ते चार बोटांभोवती गुंडाळायचे, पुन्हा ओढायचे. असे शंभर पदर झाले की एक जुडी, आणि अशा हजार जुड्या म्हणजे लक्ष. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी गावातल्या लायब्ररीत मुलांसाठी गोष्टींचा तास होता. आई खिडकीशेजारच्या खुर्चीत बसली, पिशवीतून भस्माची डबी काढली आणि तिचे हात चालू झाले. आणलेला कापूस एव्हाना संपत आला होता. मी तिला औषधांच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणून दिली होती. तो कापूस आखूड धाग्याचा, फार पांढरा आणि बोटांतून निसटणारा असल्याने सूत मधेच तुटे, आणि तुटले की त्याचे बारीक तंतू तिच्या निळ्या साडीवर आणि खालच्या गालिच्यावर पडत. एक लहान मुलगा तिच्या पुढ्यात येऊन एकटक पाहत उभा राहिला. त्याच्या आईने त्याला हाताला धरून बाजूला नेले आणि जाता जाता माझ्याकडे पाहून ती हसली. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हते हे मला आज कळते. त्या क्षणी मात्र माझे कान तापले. मी वाकून म्हणाले, "आई, हे इथे नको. घरी कर."

ती "बरं" म्हणाली. बोटांवरचे अर्धवट पदर तिने तसेच पिशवीत ठेवले. मग ती खुर्चीवरून उतरून खाली बसली आणि बोट ओले करून गालिच्यावरचा एकेक तंतू टिपू लागली.

हल हाउसबद्दल मी आधी वाचले होते, पण त्या घराकडे मी कायम समाजसेवेचे एक मोठे उदाहरण म्हणूनच पाहत आले होते. जेन ॲडम्स आणि तिची मैत्रीण एलन गेट्स स्टार यांनी १८ सप्टेंबर १८८९ रोजी या घरात बिऱ्हाड थाटले. बिऱ्हाड हाच शब्द मला इथे योग्य वाटतो, कारण सेटलमेंट हाउस या कल्पनेचा सारा भर राहण्यावर होता. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १८८४ साली सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने टॉयन्बी हॉल सुरू केले, तेव्हा विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत लांबून दानधर्म न करता तिथेच मुक्काम ठोकावा, शेजारी व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. ॲडम्सने ते पाहिले आणि तीच कल्पना ती शिकागोला घेऊन आली. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने १८५६ साली गावाबाहेर बांधलेली ही विटांची हवेली एव्हाना दाट वस्तीच्या मध्यावर आली होती. इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, बोहेमियन, रशिया-पोलंडहून आलेले ज्यू असे नाना देशांचे लोक भोवताली लाकडी चाळींत दाटीवाटीने राहत होते. त्या काळी शिकागोत दर पाच माणसांमागे दोन परदेशात जन्मलेली होती. याच १८८९ सालच्या मार्चमध्ये, अमेरिका पाहून परतलेल्या पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले होते. ही दोन घरे एकमेकांना ओळखत नव्हती आणि त्यांची कामेही वेगळी होती. तरी एकाच वर्षी, सहा महिन्यांच्या अंतराने, दोन स्त्रियांनी दोन शहरांत इतरांसाठी घर उघडले, हे मराठी वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

हल हाउसच्या बायकांनी जे केले त्याची यादी इतकी लांब आहे की ती वाचताना माणूस दबून जातो. फ्लॉरेन्स केलीच्या पुढाकाराने त्यांनी भोवतालच्या वस्तीतल्या घरोघरी जाऊन कुटुंबांची मायभूमी आणि आठवड्याची कमाई टिपली आणि १८९५ साली त्याचे रंगीत नकाशे छापले. चौरस मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या जागेत अठरा राष्ट्रांचे लोक त्यांना सापडले. त्याच वर्षी ॲडम्सने वॉर्डाच्या कचरा-निरीक्षकाची नेमणूक पत्करली. पहाटे उठून ती कचऱ्याच्या गाड्यांमागे जात असे, आणि एका अरुंद रस्त्यावर अठरा इंच कचरा उपसल्यावर त्याखाली फरसबंदी निघाली. ॲलिस हॅमिल्टनने शिशाच्या विषबाधेने कारखान्यांत मरणाऱ्या कामगारांचा शोध घेतला, ज्यूलिया लॅथ्रॉप १९१२ साली देशाच्या बालक विभागाची पहिली प्रमुख झाली. या सगळ्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्या दिवशी मी मनात घेऊन घरी आले ते यांतले काहीच नव्हते. माझ्याबरोबर घरी आली ती टकळी.

ॲडम्सने १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्या टकळीची हकिगत आहे. पोल्क स्ट्रीटवरून जाताना तिला एका चाळीच्या पायऱ्यांवर बसून सूत काढणारी म्हातारी इटालियन बाई दिसली. ॲडम्स पाहते आहे हे लक्षात येताच त्या बाईने टकळी उंच धरून दाखवली आणि आणखी थोडे सूत झाले की आपण धर्मकन्येसाठी मोजे विणणार आहोत, असे मोठ्याने सांगितले. ॲडम्सच्या मनात त्या वेळी आधीपासून एक घोर होता. या वस्तीतली तरुण मुले-मुली कारखान्यांत कामाला जात, इंग्रजी बोलत, आणि आईबापांना गावंढळ समजू लागत. जन्मभर हातांनी कसबाचे काम केलेली माणसे इथे येऊन एका रात्रीत अडाणी ठरत, कारण त्यांच्या हातांना काय येते हे या शहरात विचारणारे कोणी नव्हते. म्हणून १९०० साली हल हाउसमध्ये श्रमांचे संग्रहालय सुरू झाले. त्यात काचेच्या कपाटांपेक्षा माणसे महत्त्वाची होती. शनिवारी संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका येऊन आपापल्या देशाच्या पद्धतीने सूत कातून, विणून दाखवत. सूत काढण्याच्या किमान चार तऱ्हा त्यांना आजूबाजूच्या चाळींतच मिळाल्या.

आणि मग अँजेलिनाची गोष्ट येते. ही मुलगी हल हाउसमध्ये स्वयंपाकाच्या वर्गाला येई आणि तिची आई त्याच संध्याकाळी संग्रहालयात सूत काढायला येई. दोघी घरून बरोबर निघत, पण इथे पोहोचल्यावर अँजेलिना एका दाराने आत जाई आणि आई दुसऱ्या दाराने. डोक्याला रुमाल, आखूड घागरा आणि ओबडधोबड बूट घातलेल्या आईशी आपले नाते वर्गातल्या मैत्रिणींना कळू नये, अशी तिची धडपड असे. एका संध्याकाळी तिने पाहिले की शिक्षणशास्त्राच्या विद्यालयातून आलेली पाहुणे मंडळी आईभोवती गोळा झाली आहेत आणि तिच्या हातांकडे कौतुकाने पाहत आहेत. तिची आई म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात कुशल टकळीवाली असावी, असे त्यांचे बोलणे चालले होते. अँजेलिनाने ॲडम्सला विचारले, हे खरे आहे का? ॲडम्सने तिला तिच्या आईच्या गावाबद्दल सांगितले, तिथल्या बायका डोंगराच्या कड्यावर उभ्या राहून टकळ्या खाली दरीकडे सोडत सूत काढतात ते सांगितले. त्यानंतर अँजेलिनाने पलंगाखालची मोठी पेटी आईला उघडू दिली. गावाकडून आणलेली, घरी कातून विणलेली सुंदर वस्त्रे त्यात लपवून ठेवलेली होती. आणि त्यानंतर ती आईबरोबर एकाच दाराने आत येऊ लागली.

ही हकिगत मी त्या रात्री तीन वेळा वाचली. माझ्या आईच्या शाळेत, पन्नासच्या दशकात, सूतकताईचा तास असे. मुली एका रांगेत बसून टकळी फिरवत आणि लडी झाली की गुरुजी ती मोजून घेत. हात चालू असताना बोलायला बंदी होती, पण तोंडे बंद राहात नसत, असे आई सांगे. आपल्या भाषेत न थांबता बोलण्यालाही टकळीच म्हणतात. इटलीतल्या त्या कड्यावरच्या बायका आणि वाईच्या शाळेतल्या त्या मुली यांना जोडणारा तो एक शब्द मला त्या रात्री सापडला, आणि तो माझ्या आईच्या तोंडी आयता होता याचा मला विलक्षण आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाही. माझी आई लायब्ररीत बोलत नव्हती. आमच्याकडे असताना दिवसाच्या दिवस ती बोलत नसे, कारण आम्ही दोघे कामावर आणि मुलगी शाळेत गेल्यावर तिच्याशी बोलायला घरात कोणी नसे. त्या घरात तिची चालू राहिलेली गोष्ट म्हणजे तिची बोटे, आणि मी तीच थांबवली.

अँजेलिनाच्या गोष्टीतली एक बाब मला अजून टोचते. मुलीला आईचा अभिमान वाटला, पण तो परक्यांनी कौतुक केल्यावर. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यांनी मान डोलावली नसती तर ती पेटी पलंगाखालीच राहिली असती. आणि त्या बाईचे नाव काय होते? ॲडम्सच्या पुस्तकात ती फक्त अँजेलिनाची आई आहे. आपल्याकडेही बायका जन्मभर अमक्याची आई म्हणून ओळखल्या जातात, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना मला यात काही खटकले नाही. दुसऱ्यांदा खटकले. जिच्या हातांवर ती सारी हकिगत उभी आहे, तिला स्वतःला त्या संध्याकाळी काय वाटले, याबद्दल एक ओळही नाही. तरीही मी ॲडम्सवर रागावू शकत नाही, कारण तिने निदान त्या बाईला खुर्ची दिली, उजेडात बसवले आणि लोकांना तिच्यासमोर उभे केले. मी माझ्या आईला खुर्चीवरून उठवले होते.

हल हाउसच्या बायका सगळे जाणून आल्या होत्या असेही नाही, आणि ते घर मला आवडते त्याचे हे एक मोठे कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी शेजाऱ्यांसाठी सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. कोणत्या पदार्थात किती पोषण आहे, स्वस्त मांसाचे कोणते तुकडे मंद आचेवर शिजवले तर सत्त्व टिकते, याचा शास्त्रशुद्ध विचार करून तिथे रस्से आणि सूप तयार होई. शेजारी आले नाहीत. एका बाईने त्यांना स्पष्ट सांगितले की अन्न पौष्टिक आहे हे कबूल, पण आपल्याला पौष्टिक खायला आवडत नाही, आपल्याला जे आवडते तेच खायला आवडते. ॲडम्सने हे उत्तर स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे त्या जागी कॉफी हाउस झाले आणि लोक तिथे येऊ लागले. मला यातली शिकण्याची तयारी महत्त्वाची वाटते. जगातल्या कोणत्याही भाकरीला, पास्त्याला किंवा आमटीला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नसते, हे त्या शिकलेल्या बायकांना त्यांच्या शेजारणींनी शिकवले.

शेजाऱ्यांनी त्या घराला जे दिले त्याबद्दल फार कमी बोलले जाते. १९०३ च्या डिसेंबरमध्ये आसपासच्या ग्रीक तरुणांनी हल हाउसच्या रंगमंचावर सोफोक्लीसचे 'अजॅक्स' मूळ ग्रीक भाषेत केले. फळांच्या गाड्या लावणारी ही माणसे शहराच्या दृष्टीने केवळ फेरीवाली होती, आणि ग्रीकांचा प्राचीन वारसा काय आहे हे अमेरिकनांना दाखवून द्यावे अशी त्यांची तळमळ होती. तालमींना येताना त्यांच्या हातांना दिवसभराच्या संत्र्यांचा आणि केळ्यांचा वास येत असेल, असे मला वाटत राहते. रशियन साम्राज्यातून आलेल्या एका गरीब ज्यू शिंप्याचा मुलगा इथल्या मुलांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागला आणि पुढे बेनी गुडमन हा जाझवादक म्हणून जगभर गाजला. व्हायोला स्पोलिन ही ज्यू स्थलांतरितांचीच मुलगी विसाच्या दशकात इथे नीव्हा बॉइडच्या हाताखाली खेळांतून शिकवण्याचे शास्त्र शिकली. पुढे तिने एकमेकांची भाषा न समजणाऱ्या मुलांना एकत्र नाटकात आणण्यासाठी खेळ रचले, आणि शिकागोचे ते प्रसिद्ध उत्स्फूर्त नाट्य त्या खेळांतून जन्मले. १९५९ साली 'सेकंड सिटी' ही नाटकमंडळी सुरू करणाऱ्यांत तिचा मुलगा होता. १९२७ साली सुरू झालेल्या मातीकामाच्या भट्टीत मेक्सिकन कारागिरांनी घडवलेल्या ताटल्या आणि कटोरे शहरातल्या दुकानांत विकले गेले. भाषा न येणे ही उणीव मानली जाते, पण तिच्यातूनच एक नवी नाट्यकला उभी राहिली, याचा विचार करताना मी थक्क होते. आमच्या घरात आई आणि माझी मुलगी दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येत होती. त्या वर्षी त्या दोघी पत्त्यांचे, चिंचोक्यांचे आणि हातवाऱ्यांचे कितीतरी खेळ खेळल्या. मी त्याला वेळ घालवणे म्हणत असे.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९१३ साली शहरात आवई उठली की हल हाउसमध्ये शिंगे आणि खूर असलेले सैतानाचे बाळ ठेवले आहे. सहा आठवडे लोकांची रीघ लागली. इटालियन बायका सांगत की कुण्या नास्तिक नवऱ्याने भिंतीवरचे देवाचे चित्र फाडले त्याचे हे फळ. ज्यू बायका सांगत की सहा मुलींच्या बापाने सातव्या खेपेला, आणखी एक मुलगी होण्यापेक्षा सैतान झालेला बरा, असे म्हटले होते. मुलगी नको म्हणणाऱ्या बापाची ही गोष्ट कुठल्याही मराठी आजीने सांगितली असती तरी मला आश्चर्य वाटले नसते. ॲडम्सने आलेल्या गर्दीतल्या म्हाताऱ्या बायकांना हाकलले नाही, ती त्यांच्याशी बोलत राहिली. तिच्या लक्षात आले की ज्यांचे घरात कोणी ऐकत नाही, अशा बायकांना ही गोष्ट सांगताना जिभेला धार येते आणि पाठ ताठ होते; मारझोड करणारे नवरे आणि उलटून बोलणारी मुले यांच्यापुढे त्यांच्या हाती उरलेले तेवढेच एक साधन होते. ॲडम्सने पुढे या बायकांच्या स्मरणशक्तीवर सविस्तर लिहिले. खोट्या अफवेतून तिने खरे दुःख निवडून घेतले, कापसातून सरकी काढावी तसे.

माझी थोरली मावसबहीण मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्य शिकली, तेव्हा त्या संस्थेचा जन्म कुठे झाला हे मला माहीत नव्हते. १९३६ साली ती सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय म्हणून सुरू झाली ती नागपाडा नेबरहुड हाउसमध्ये, आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक होते. अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आलेल्या या मॅन्शार्टनी त्याआधीच्या दशकात नागपाड्यात सेटलमेंट हाउस उभे केले होते. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून पोटासाठी आलेले मजूर, बेने इस्राएल आणि बगदादी ज्यू, मुसलमान कारागीर अशी सरमिसळ वस्ती तिथे होती. म्हणजे ज्या विचाराने इटालियन बाईला टकळी घेऊन खुर्चीवर बसवले, तोच विचार समुद्र ओलांडून मुंबईतल्या एका गल्लीत येऊन राहिला होता. मुंबईचे तमाशाचे फड, भजनी मंडळे, गावकऱ्यांच्या खोल्या, खानावळी हे सारे स्थलांतरितांनी आपल्या बळावर उभे केले आणि शहराला देऊन टाकले. गावच्या खोलीत एका खिळ्याला चार जणांच्या पिशव्या टांगून राहणाऱ्या माणसांनाही शेजार मिळवून देणारी ती एक तऱ्हेची वस्तीघरेच होती, फक्त त्यांच्यावर कुणी पुस्तके लिहिली नाहीत.

हल हाउसच्या तेरा इमारती होत्या. आज दोन उरल्या आहेत, मूळ हवेली आणि निवासींचे भोजनगृह. १९६१ साली शहराने विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी हीच वस्ती निवडली. हल हाउसच्या अंगणात लहानाची मोठी झालेली फ्लॉरेन्स स्कॅला, एका इटालियन स्थलांतरिताची मुलगी, हिने शेजारणींना बरोबर घेऊन महापौरांच्या कचेरीत धरणे धरले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि ती हरली. घरे पडली, ग्रीक आणि इटालियन कुटुंबे पांगली. १९६५ च्या फेब्रुवारीत त्या जागी काँक्रीटचे विद्यापीठ उघडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने आशियातल्या लोकांना चार दशके अडवून धरणारा वंशाधारित कायदा बदलला, आणि आमच्यासारख्यांची वाट मोकळी झाली. जमीनदोस्त झालेल्या एका वस्तीच्या जागी विद्यापीठ उघडले त्याच साली आम्हाला दार उघडले, हे मी त्या दिवशी मनात जुळवले. संग्रहालयातून बाहेर पडलो तेव्हा समोरच्या फुटपाथवरून पाठीला पिशव्या लावलेली मुले तेलुगू, गुजराती आणि एका ठिकाणी मराठी बोलत वर्गांकडे जात होती.

आम्ही आलो ते पदव्या घेऊन. आम्हाला सेटलमेंट हाउसची गरज पडली नाही. १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ निघाले, १९८१ साली याच शहरात बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली, आणि भाड्याने घेतलेल्या शाळांच्या सभागृहांत आम्ही गणपती बसवले, नाटके केली, ढोल-ताशे वाजवले. मी स्वतः अनेक वर्षे स्वयंपाकाच्या समितीत पुरणपोळ्यांची मोजदाद केली आहे, आणि पहाटे चार वाजता शाळेच्या थंडगार स्वयंपाकघरात वीस बायकांनी मिळून पुरण वाटतानाचा तो वेलचीचा वास मला कुठल्याही मंदिरापेक्षा पवित्र वाटत आला आहे. पण संस्कृती म्हणून आम्ही जे मंचावर नेले ते टाळ्या घेणारे होते. जे मंचावर मावत नाही, जे मांडीवर, ओसरीवर, बोटांच्या चिमटीत चालते, ते आम्ही आयांच्या बॅगेतून येऊ दिले आणि आयांच्या बॅगेतून परत जाऊ दिले. मंडळाच्या कार्यक्रमात आई सहा महिन्यांत तीनदा पहिल्या रांगेत बसली. तिला काय येते, हे तिला कुणी विचारले नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तळघरातली खोकी उघडली. दर वर्षीचे कालनिर्णय मी टाकून देत नाही. गुंडाळी करून ठेवते. नऊ वर्षांपूर्वीचे आईने येताना आणले होते आणि ते तिच्या खोलीत लावलेले असे. वाईला ती कालनिर्णयाच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिते, तशाच बारीक अक्षरांत इथे तिने जुड्यांचा हिशेब लिहिला होता. आषाढी एकादशीपासून आकडे सुरू होत होते. आठ, नऊ, नऊ, दहा, नऊ. ऑगस्टच्या त्या शनिवारी दोन. आणि त्यानंतर तीन, चार, चार, तीन, चार, असे पानांमागून पाने. तिने दिवसा ते काम करणे सोडून दिले होते. मला तेव्हा रात्री पाणी प्यायला उठले की तिच्या खोलीच्या दाराखालून उजेडाची रेघ दिसत असे, आणि आई पोथी वाचते आहे असे समजून मी पुढे जात असे. कार्तिक पौर्णिमेच्या चौकोनात तिने बेरीज मांडली होती, ६१२, आणि त्याखाली, राहिल्या ३८८.

मी वाईला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. लायब्ररीबद्दल मी बोलले तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अगं, त्या गालिच्यात कापूस अडकत होता. मलाच बरं वाटत नव्हतं." मग मी लक्ष पुरे झाले होते का, ते विचारले. "झालं की, पुढच्या वर्षी. काकू बसायची माझ्याबरोबर ओसरीवर. काशीविश्वेश्वराच्या देवळात लावल्या सगळ्या, तुपात भिजवून." आणि जरा वेळाने, माझ्या न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे तसे, तिने सांगितले, "तुझ्याकडच्या आधी लावल्या हो. त्या औषधाच्या दुकानातल्या कापसाच्या. फार पांढऱ्या होत्या, सूतही जाडंभरडं आलेलं. काकूने बघता क्षणी ओळखलं, या अमेरिकेच्या म्हणून."